पाण्याला दिलेल्या बायका

तांब्या साळूच्या अंथरुणाच्या उशाशी होता, काठोकाठ भरलेला. मी वाकून तो उचलला तशी तिची सासू हौसाबाई दोन पावलं मागं सरली, आणि साळूचा नवरा गेनू, चांगला आडदांड गडी, तो दारातच थबकला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन नुसतं पेटलं होतं. दुपारचे बारा वाजत आले असतील. मला मनातून हसू येत होतं, हे कबूल करते.

"बाई, त्यो खाली ठेवा," हौसाबाई म्हणाली. तिचा आवाज एरवी अख्ख्या आळीला ऐकू जायचा. तेव्हा मात्र मला कान देऊन ऐकावा लागला.

"का? आहे काय यात? पाणीच आहे ना?"

साळू चुलीपाशी बसली होती, मांडीवर धाकटी पोर. ती माझ्याकडं बघून हलकेच मान हलवत होती, नको, नको. मला वाटलं, माझ्या काळजीनं घाबरलीय बिचारी.

आता हा तांब्या काय होता ते आधी सांगते, म्हणजे मी काय करून बसले ते कळेल.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, सरकारी नर्स. घाटाच्या पायथ्याची चार गावं माझ्या उपकेंद्राला जोडलेली, आणि उपकेंद्र वडदऱ्यात, म्हणजे मीही तिथंच राहायची. गावाखाली नदीला डोह होता. डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या बायका. आमच्या मुलखात जागोजाग असतात त्या. लोक त्यांना खण-नारळ देतात आणि भर दुपारी त्यांच्या वाटेला जात नाहीत, एवढंच. वडदऱ्यात मात्र प्रकरण बरंच पुढं गेलेलं होतं.

तिथं एखादी बाई दुपारची पाण्याला गेली की तिला आसरा धरायच्या. ती ओलीचिंब, केस मोकळे सोडून, घुमत घरी यायची. मागोमाग गावची म्हातारी सुईण ठकूबाय यायची आणि सांगायची, ही आता पाण्याची झाली. त्या दिवसापासून बाईच्या उशाशी डोहाच्या पाण्यानं भरलेला तांब्या राहायचा. तिनं रांधायचं, शेतात राबायचं, पोरं सांभाळायची, सगळं करायचं. पण निजताना नवऱ्यानं तांब्याच्या अलीकडं थांबायचं. आसरा सोडीपर्यंत. कधी दोन वर्षं, कधी तीन.

आणि गडी थांबायचे. कारण चाळीस वर्षांपूर्वी एक जण थांबला नव्हता. तो ठकूबायचाच नवरा, नामा. पिऊन आला आणि तांब्या लाथेनं उडवला. तिसऱ्या दिवशी डोहाच्या काठाला पालथा सापडला. ही हकिगत मला खुद्द ठकूबायनंच सांगितली होती, तंबाखू मळता मळता. पाणी गुडघाभरच होतं म्हणाली. मी म्हटलं, प्यायला होता ना, पडला असेल. ती म्हणाली, "आसंल."

मला लहानपणापासून अंगात येणं, अंगारे-धुपारे म्हटलं की तिडीक यायची. त्यात माझ्या रजिस्टरचा घोळ. बाकीच्या तीन गावांत वर्षाआड पाळणा हलायचा. वडदऱ्यात एकेका घरात पोरांमध्ये तीन-तीन, चार-चार वर्षांचं अंतर, आणि ना गोळ्या, ना कॉपर-टी, ना ऑपरेशन. मीटिंगला साहेबांनी विचारलं, हे कसं काय? मी बेधडक सांगितलं, माझ्या प्रचारानं. टाळ्या वाजल्या. माझा प्रचार काय होता ते मला ठाऊक होतं. बायका माझं बोलणं खाली मान घालून ऐकायच्या, चहा द्यायच्या, आणि मी पाठ फिरवली की एकमेकींकडं बघून हसायच्या.

तर साळू. वय चोवीस, तीन मुली. शेवटच्या दोन्ही वेळा पोट फाडून बाळंतपण झालेलं. तिसरीच्या वेळी पिशवी फाटली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी टाके घालून कशीबशी वाचवली, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, सिस्टर, हिला पुन्हा दिवस गेले तर पिशवी फुटेल, मग मला काही करता येणार नाही. त्याच वेळी ऑपरेशन करून टाकतो म्हणाले, पण गेनूनं अंगठा दिला नाही. तिन्ही मुलीच ना. कायद्यानं बाईची सही पुरत होती, पण नवऱ्याच्या अंगठ्याशिवाय ते डॉक्टर हात लावत नसत. साळू घरी आली, दोन महिन्यांत पाण्याला गेली, आणि पाण्याची झाली.

त्याला दीड वर्ष झालं होतं. मी गेनूच्या मागं लागलेच होते, ऑपरेशन करून घे म्हणून. तो म्हणायचा, ती पाण्याची हाय, तिला सुरी लावता येत न्हाई. आसराचं भ्या नसतं तर कवाच पाठवली असती. आता सांगा, यावर माझ्यासारखीनं काय करायचं? मला सरळ गणित दिसलं. भीती घालवली की अंगठा मिळतो. अंगठा मिळाला की साळू वाचते. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या त्या महिन्याच्या केसेसमध्ये एकीची भर पडत होती.

म्हणून मी तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

पाणी गार होतं. त्या तापलेल्या पत्र्याच्या घरात ते सकाळपासून ठेवलेलं असणार, तरी माझे दात ठणकले. मी तांब्या उपडा करून दाखवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "बघा. काही झालं? काही नसतं यात."

गेनू माझ्याकडं टक लावून बघत राहिला, मी आता पडते की काय म्हणून. मी पडले नाही. मग तो हसायला लागला. आधी जरासं, मग पोट धरून.

"काईच नसतं म्हना," तो म्हणाला.

"काहीच नाही. आता पाठवता ना साळूला ऑपरेशनला?"

"बघू की, बाई. सुगी हुंद्या."

साळू उठली. तिनं धाकटीला सासूच्या हातात दिलं, आपलं अंथरूण गुंडाळलं, आणि ते उचलून आतल्या खोलीत ठेवून आली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मी मात्र खुशीत घरी गेले आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आठ दिवसांत गावात आणखी चार तांबे गड्यांनी उचलून गोठ्यात भिरकावले. नर्सबाईनं पिऊन दाखवलं, तिला काय झालं का, असं एकमेकांना सांगत. पारावर मला रामराम घालायला लागले. आणि बायका माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. भांडण नाही, शिव्या नाहीत. मी आळीत शिरले की ओट्यावरच्या, दारातल्या, शेण थापणाऱ्या, सगळ्या जणी एकाच वेळी पाठ करून उभ्या राहायच्या. मी पुढं गेले की पुन्हा कामाला लागायच्या. मी मागं वळून बघायची तर पुन्हा पाठी. लहान पोरीसुद्धा. चार दिवसांत मला आळीतून जायची धास्ती वाटायला लागली.

आणि पायरी. उपकेंद्राला एकच दगडी पायरी होती. रोज दुपारी जेवून उठले की ती ओली दिसायची. नुसती ओली नाही, नदीकडून येणारे ओले पाय, अनवाणी, बायकी, पायरीपर्यंत आलेले. परत गेलेले नाहीत. मी म्हटलं, असा छळ मांडलाय तर या बायांनी, टाका पाणी किती टाकायचं ते. पण दार लावून घ्यायला लागले, हेही खरं.

पौषात साळू आली. दुपारचीच आली. दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. चेहरा पिवळा पडला होता. मी नाडी बघायला हात पुढं केला तर तिनं आपला हात मागं घेतला.

"तिसरा लागलाय," ती म्हणाली.

मी खाली बसले. ती उभीच होती.

"बाई, तुमी माझं पानी प्यायलात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, रागही नव्हता. "आता मी काय करू त्ये सांगा."

मला काय सांगता येणार होतं? मी आयुष्यात इतकी लाज कधी अनुभवली नव्हती आणि पुढंही नाही. तिच्याकडं एकच आडोसा होता, तो मी हसत हसत गिळला होता, आणि वर तोंड पुसलं होतं. मी तिला म्हटलं, पोट खाली करून घेऊ, त्याच वेळी नस बांधून घेऊ, मी स्वतः घेऊन जाते. ती म्हणाली, अंगठा? आणि निघून गेली.

मी गेनूकडं तीनदा गेले. पहिल्यांदा तो चांगलं बोलला. दुसऱ्यांदा खाटेवरून उठला नाही. तिसऱ्यांदा मी स्पष्ट सांगितलं, अरे, ती मरेल. या वेळी पोरगाच असंल, तो म्हणाला. हौसाबाई म्हणाली, मला बारा झाली, मी मेले का? मी डॉक्टरांचं सांगायला लागले तर गेनू हसला, अगदी त्या दिवसासारखा.

"तुमीच म्हनलात ना बाई, भ्या घालायच्या गोष्टी आसत्यात? मंग डाक्टर म्हनतोय त्ये तरी खरं कशावरनं?"

घरी येऊन मी रडले. नर्सनं रडू नये असं आम्हाला शिकवलं होतं, पण शिकवणारी तिथं नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठकूबाय आली. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, गालफडं बसलेली. उंबऱ्यातच बसली आणि तंबाखूची चंची काढली. साळू सोडली तर तीन महिन्यांत आपणहून माझ्याशी बोलायला आलेली ती पहिली बाई.

"पानी कोन प्यायलं?" तिनं विचारलं.

"मी."

"मंग आता आसरा कुनाच्या पोटात हाय?"

"ठकूबाय, मी असलं काही मानत नाही."

"मी कुठं म्हनते मान म्हनून? गडी मानतील." ती बोळक्या तोंडानं हसली. "पोरी, माझं आता कोन ऐकतंय? तू पांढऱ्या साडीची, शिकल्याली. तू न्हाई म्हनलीस तर चाळीस वरसाचं एका घोटात न्हाई झालं. आता तूच हाय म्हन."

मला आधी कळेना. मग कळलं, आणि मी चिडले. मला डोहात उतरून घुमायला सांगत होती ती. मला! मी म्हटलं, माझी नोकरी जाईल, साहेबांना कळलं तर काय तोंड दाखवू, आणि मुख्य म्हणजे ही सरळ सरळ फसवणूक आहे. ती ऐकून घेत होती. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "साळूचं किती दीस ऱ्हायलेत खाली कराय?"

मी बोटांवर हिशेब केला. जास्तीत जास्त दोन आठवडे. त्यानंतर ते डॉक्टर हात लावणार नव्हते.

"मंगळवारी डोहावर आसरांचा निवद हाय," ती म्हणाली.

उठता उठता मी तिला म्हटलं, बरं, एवढं करते, पण ते माझ्या पायरीवर रोज पाणी टाकायचं तरी बंद करा. तिनं वळून बघितलं.

"कसलं पानी? आगं, चढ चढून हंडा आनाया जीव जातोय आमचा. तुझ्या पायरीवर कोन वतंल?"

चार दिवस तिनं मला शिकवलं. श्वास कसा फुगवायचा, मान कशी टाकायची, डोळे कसे फिरवायचे. वाक्यं तीनच ठरवली. त्यापेक्षा जास्त बोललीस तर शिकल्याली भाषा बाहेर पडंल, ती म्हणाली. दार लावून मी आरशासमोर मान घुमवायची आणि मध्येच माझं मलाच हसू यायचं. ठकूबायला यायचं नाही. काळजी एकच होती, गेनू नाही हलला तर काय. तर साळू मरणार होती, चैत्र-वैशाखापर्यंत कधीही.

मंगळवारी बाराला सगळा गाव डोहावर होता. बायका खाली पाण्याशी, गडी वर दरडीवर, त्यांना खाली यायची परवानगी नसते. सात दगडांपुढं सात पत्रावळी, दहीभात, हिरवे खण. पौषातलं ऊन पांढरं, वारा अजिबात नाही, आणि एवढी माणसं असून कावळ्याचासुद्धा आवाज नाही. मी युनिफॉर्ममध्येच गेले. बायकांनी पाठ केली नाही. सगळ्यांनी माझ्याकडं तोंड केलं आणि मला वाट दिली.

मी थांबले नाही, थांबले असते तर परत फिरले असते. सरळ पाण्यात गेले. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. वरून कुणीतरी ओरडलं, अरे नर्सबाई! आणि मी बुडी मारली.

वीस अंक मोजायचे आणि वर यायचं, असं ठरलं होतं. मी मोजत होते. पाणी इतकं थंड की डोकं बधिर झालं. बारा मोजले असतील, कुणीतरी माझा हात हातात घेतला. ओढला नाही, नुसता घेतला, आजारी माणसाचा घेतात तसा. मग दुसरा हात. मग केसांवरून. मला वाटलं, बायका उतरल्या मागोमाग. आणि त्या क्षणी ती थंडी गेली. मला वर यावंसंच वाटेना. सव्वीस वर्षांत कुणी मला एवढ्या मायेनं धरलं नव्हतं असं काहीतरी वाटलं, आणि मोजणं राहून गेलं.

वर कशी आले ते आठवत नाही. केस सुटले होते. गेनू वर दरडीवर उभा होता, तो तेवढा स्पष्ट दिसत होता, बाकीचं सगळं पांढरं. माझी तीन वाक्यं मी बोलले.

"गेनू, माझी बाई तू मागं घेतलीस. तिच्या पोटात हाय त्ये माझं हाय. उद्या ऊन डोक्यावर यायच्या आत तिला तालुक्याच्या दवाखान्यात ने, आन तिथं अंगठा मागतील तिथं दे."

जगात एवढ्या देवी झाल्या, पण फॉर्मवर अंगठा मागणारी पहिली मीच असेन. इथं मी थांबायचं होतं. पण तोंड थांबेना.

"न्हाई दिलास तर नामाला जिथं निजवला तिथं तुला निजवीन."

हे ठरलेलं नव्हतं. हा आवाजही मी शिकलेला नव्हता. वर दरडीवर सगळे गडी एका दमात खाली बसले, गेनू तर पालथाच पडला. मी पुढं कोलमडले आणि ठकूबायनं मला खांद्यावर घेतलं. तिचा खांदा थरथरत होता. मला शुद्ध आली तेव्हा सगळ्या बायका काठावर होत्या. मी साळूच्या जावेला विचारलं, पाण्यात माझ्यामागं कोण कोण उतरलं होतं? तिनं नुसतं बाकीच्यांकडं बोट केलं. कुणाचीच लुगडी ओली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवाच्या आत गेनूनं साळूला बैलगाडीतून, मग एसटीतून तालुक्याला आणलं. हौसाबाई तिच्या पायाशी बसून होती. मागितले तिथं तिथं अंगठे दिले. डॉक्टर मला म्हणाले, सिस्टर, काय जादू केलीत? मी म्हटलं, प्रचार.

साळूला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पिशवी कागदासारखी झालीय, रक्त सुरू झालं तर थांबायचं नाही. शेजारी ठकूबाय. गेनू बाहेर फाटकापाशी लिंबाखाली उकिडवा बसलेला, माझ्याकडं बघायची त्याची छाती होत नव्हती. एक तास गेला. ठकूबायनं चंची काढली नव्हती, हे मला खटकलं.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "अंगात येतं का गं खरंच?"

"हे तुम्ही मला विचारता?"

"मला कवाच आलं न्हाई. चाळीस वरसं. मी नुसती घुमायची. दुसऱ्या बायांस्नी पन मीच शिकवलं." तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. "खांद्यावर पडलीस तवा माझ्या कानात काय म्हनलीस, ठावं हाय?"

"मी काहीच म्हणाले नाही."

"म्हनलीस, नामाचे पाय त्याच्या आयनं धरले व्हते."

मी तिच्याकडं वळले.

"आमी चौघी व्हतो," ती म्हणाली. "तिघी कवाच्या मेल्या. माझी सासू तर तुझ्या जन्माच्या आधीच गेली. म्या लई मार खाल्ला त्याचा, दोन पोरं पोटात असताना गेली माझी. तिसऱ्या खेपेला सासूच म्हनली, चल. डोकं आमी तिघींनी दाबलं. पाय तिनं धरले, आपल्या ल्येकाचे. ह्ये म्या कुनालाच सांगितलं न्हाई. मेल्या त्यांनीबी न्हाई."

मला तसं काही बोलल्याचं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मी पुष्कळ विचार केला, थंडीनं मेंदू बधिर झाला असेल, तिच्याच तोंडून कधी काही निसटलेलं मनात राहिलं असेल. असेल. मी तिला तसं सांगायला तोंड उघडलं, तर ठकूबाय उठली आणि बाकड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिथून तिनं मला हात जोडले. चाळीस वर्षं सगळ्या गावाला घाबरवणारी बाई, मला घाबरली होती.

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरांचा घामानं निथळलेला चेहरा दिसला. रक्त गेलं बरंच, म्हणाले, पण आहे. वाचली. नस बांधली.

मी भिंतीला टेकले आणि पोटभर रडले. ठकूबाय लांबूनच बघत होती.

साळूला शुद्ध आली तेव्हा उन्हं कलली होती. मी जवळ बसले. तिनं या वेळी हात मागं घेतला नाही. मी तिला सांगितलं, झालं सगळं, साळू. आता तुला पुन्हा कधी दिवस जायचे नाहीत. आता भीती नाही. तांब्याचं काही कामच उरलं नाही.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, पुन्हा झोप लागली.

"बाई, त्यो तांब्या काय पोरांपायी नव्हता नुसता," ती म्हणाली.

"मग?"

"मला झोप लागायची."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"लगीन झाल्यापासनं पयल्यांदा. दीड वरीस. कुनी अंगाला हात लावनार न्हाई, ह्ये ठावं असायचं. भिंतीकडं तोंड करायची आन सकाळपातूर निजायची." तिनं माझी बोटं धरली. "ह्यांस्नी जाऊन सांगा, आसरानं अजून सोडलं न्हाई म्हनून."

"किती दिवस सांगू?"

"म्या सोडलं म्हनंपातूर."

मी बाहेर फाटकापाशी गेले. माझे केस बांधलेले होते, साडी कोरडी होती, अंगात काहीएक आलेलं नव्हतं. मी पूर्ण शुद्धीवर, माझ्या रोजच्या आवाजात बोलले.

"गेनूभाऊ, साळू वाचली. पण आसरानं तिला सोडलेलं नाही."

तो उभा राहिला, हात जोडूनच. "किती वरसं, बाई?"

"ते साळू सांगेल."

"साळू?"

"हो. सोडलं की साळू सांगेल."

त्यानं मान डोलावली. त्यानंतर साळू एकतीस वर्षं जगली. तिनं ते कधीच सांगितलं नाही.